आगकाड्या ते संगणक : मधल्या चौकटींचा इतिहास

शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा सहलीची छायाचित्रे हल्ली संगणकाच्या पडद्यावर मोठ्या ऐटीत येतात. एक चित्र डावीकडून उडत येते, दुसरे वरून गिरकी घेत उतरते, तिसरे मागून पुढे सरकते. पाहता पाहता चोवीस चित्रे चार ओळी व सहा स्तंभांच्या जाळीत आपापली जागा पकडून स्थिर होतात. आठवी-नववीतली मुलेही हे काम अर्ध्या तासात करतात. ती संगणकाला फक्त दोन गोष्टी सांगतात : चित्र आरंभी कोठे आहे आणि शेवटी कोठे पोचायला हवे. मधला सारा प्रवास आज्ञावली स्वतःच भरून काढते.

या 'मधल्या' प्रवासाकडे आम्हांला शिक्षकांचे लक्ष वेधायचे आहे. आरंभ आणि शेवट यांच्यामधल्या चौकटी पूर्वी कुणी भरल्या, कशा भरल्या आणि ते काम यंत्राकडे कधी व कोणत्या गणिताच्या आधारे गेले, हा इतिहास फार रंजक आहे. त्याचा बराच भाग आपल्याच परिसरात घडला आहे. आम्ही हे लिहितो आहोत पनवेलहून. येथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर कल्याण आहे, पश्चिमेला खाडीपलीकडे मुंबई आहे, आणि बोरघाट चढून गेले की लोणावळ्याजवळचे मळवली लागते. या तिन्ही ठिकाणांचा आपल्या गोष्टीशी संबंध आहे.

कल्याणचा दिवा

चित्रपट भारतात आला तो ७ जुलै १८९६ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. पण पडद्यावर चित्रे हलवून दाखवण्याचा उद्योग त्याआधीच कल्याणच्या एका मराठी कुटुंबाने सुरू केला होता. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने प्रकाशचित्रांचे खेळ सुरू केले आणि पुढे त्यांच्या मुलांनी ते चालवले. शांबरी विद्या म्हणजे मायावी विद्या. नावातच प्रेक्षकाला चकित करण्याचा बेत होता.

या खेळाचे साधन म्हणजे प्रकाशदीप, ज्याला लोक 'मॅजिक लँटर्न' म्हणत. दिव्यापुढे रंगवलेली काच धरायची आणि भिंगातून तिची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडायची. काचेवर पात्राभोवतीचा भाग काळा रंगवला की त्या भागातून प्रकाश जात नाही व अंधाऱ्या पडद्यावर फक्त पात्रच दिसते. आता त्याच पात्राच्या, हात थोडा वर, आणखी वर, अगदी वर, अशा निरनिराळ्या स्थितींच्या काचा तयार करा. एकापेक्षा अधिक दिवे वापरून त्या एकीमागून एक झटपट दाखवा. पात्र हात उचलते आहे असा भास होतो. दिवाच पुढे-मागे नेला तर पात्र लहान-मोठे होते, बाजूला वळवला तर ते पडद्यावर सरकते.

म्हणजे प्रतिमा उडत येऊन जागेवर बसणे ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. फरक असा, की कल्याणच्या खेळात मधल्या स्थिती मोजक्याच असत, कारण प्रत्येक स्थितीसाठी एक काच हाताने रंगवावी लागे. हालचाल किती सफाईदार दिसेल हे माणसाच्या श्रमावर ठरत होते. पुढची शंभर वर्षे हीच अडचण निरनिराळ्या रूपांत समोर येत राहिली.

सन १९१२ : एका रोपाचा हिशेब

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण ही सारी कामे हाताने शिकलेले होते. राजा रविवर्म्याच्या शिळाछापखान्यातही त्यांनी काम केले होते. हा छापखाना १८९९ च्या सुमारास मुंबईहून मळवलीला हलवला गेला होता. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि सर्व रंग एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. किंचित सरकलेली चौकट सारे चित्र बिघडवते, हा धडा पुढे चित्रफितीसाठीही उपयोगी पडावा असाच होता.

१९१२ च्या आरंभी फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, तंत्र पाहून आले आणि त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. आता हवे होते भांडवल. सावकाराला कथा सांगून भागणार नव्हते, काहीतरी दाखवायला हवे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुर फुटून रोप वाढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने त्याची चित्रे घेतली. ती चित्रे सलग दाखवताच महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत झाली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला. त्यामागे वाटाण्याच्या त्या रोपाचा मोठा वाटा आहे.

या चित्रफितीविषयी दोन गोष्टी नेहमी एकत्र सांगितल्या जातात : रोज एक चौकट घेतली, असे महिनाभर चालले, आणि चित्रफीत एक मिनिटाहून थोडी मोठी होती. वर्गात फळ्यावर याचा हिशेब मांडून पाहावा. मूकपटांच्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवत. रोज एक याप्रमाणे ३० दिवसांच्या ३० चौकटी दोन सेकंदांतच संपतील! एका मिनिटासाठी १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चौकटी लागतात. महिन्याने भागले तर दिवसाला ३२ येतात, म्हणजे दिवसरात्र मिळून दर ४५ मिनिटांनी एक.

कुणी म्हणेल, रोजचे एकच चित्र ३२ वेळा उमटवले असेल. पण मग पडद्यावर दर दोन सेकंदांनी एक स्थिर चित्र बदलताना दिसेल, रोप वाढताना दिसणार नाही. तेव्हा 'रोज एक' व 'एक मिनिट' या दोन्ही गोष्टी अक्षरशः खरी धरता येत नाहीत. एकतर चित्रफीत फार छोटी होती, नाहीतर चित्रे दिवसातून अनेकदा घेतली होती. पुन्हापुन्हा छापून आलेले विधान साध्या गुणाकाराने तपासता येते, हे मुलांना यातून छान दाखवता येईल.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी

योगायोगाने १९१२ याच वर्षी युरोपात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांचा फाळक्यांशी काही संबंध नव्हता, पण आपल्या विषयाशी फार जवळचा आहे.

पहिला निबंध मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहायमर यांचा. सलग चित्रे हलताना का दिसतात याचे उत्तर आपली पाठ्यपुस्तके बहुधा 'दृष्टिसातत्य' या एका शब्दात देतात : डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून चित्रे एकमेकांत मिसळतात. हे उत्तर अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकून मिसळल्या असत्या तर आपल्याला एकावर एक चढलेल्या चित्रांचा गोंधळ दिसला असता. वेर्थहायमर यांनी फ्रँकफर्टला शेजारी-शेजारी असलेल्या दोन रेषा आळीपाळीने दाखवण्याचा प्रयोग केला. दोहोंमधील अवधी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका असेल तर एक रेषा विझून दुसरी उजळलेली दिसते. तो फार कमी केला तर दोन्ही एकदमच दिसतात. पण मधल्या अवधीला, सेकंदाच्या सोळा-सतराव्या भागाच्या आसपास, एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसते. मधला प्रवास मेंदू रचतो. म्हणजे मधल्या चौकटी भरणारे पहिले यंत्र आपल्या डोक्यातच आहे! मात्र ते लहान अंतरेच भरू शकते. मोठी अंतरे असली तर चित्रकाराने मदत करावी लागते.

दुसरा निबंध खारकोव्हचे गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांचा. कोणताही सलग वक्र हवा तितक्या अचूकतेने साध्या बहुपदींच्या साहाय्याने रेखता येतो, या सिद्धांताची त्यांनी सुटसुटीत सिद्धता दिली. त्यासाठी वापरलेल्या बहुपदी पुढे सुमारे पन्नास वर्षांनी मोटारीच्या कारखान्यात व नंतर संगणकाच्या पडद्यावर कामाला येणार होत्या. त्यांच्याकडे आपण पुढे वळू.

आगकाड्यांची मौज

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. कोरी फिल्म परदेशातून येई. तिची टंचाई जाणवू लागली आणि भांडवलही आटले. मोठे चित्रपट काढणे अवघड होते, तेव्हा फाळक्यांनी छोट्या फिती काढल्या. त्यांतली १९१५ ची 'आगकाड्यांची मौज' ही भारतातल्या सचेतपटांची सुरुवात मानली जाते. आगकाड्या आपोआप हलतात, जुळतात, त्यांतून आकृत्या तयार होतात, अशी ही गंमत होती. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांवर अशीच एक चित्रफीत केली होती. नाण्यांची करामत असलेल्या 'लक्ष्मीचा गालिचा' या युक्तिचित्राचा उल्लेखही फाळक्यांच्या चित्रपटांच्या याद्यांत सापडतो.

सुट्या वस्तू कुठून तरी येऊन ठरलेल्या नक्षीत बसतात! आज संगणकावर छायाचित्रे जाळीत बसवणारी मुले नेमके हेच करत असतात. फक्त फाळक्यांना प्रत्येक काडी बोटाने सरकवावी लागे. समजा एक काडी २४ सेंटिमीटर अंतर दोन सेकंदांत तोडते. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर ३२ वेळा ती पाऊण सेंटिमीटर पुढे सरकवायची, हात बाजूला घ्यायचा आणि एक चौकट उमटवायची. अशा वीस काड्या असतील तर दोन सेकंदांच्या खेळासाठी ६४० वेळा काडी हलवायची. एखादी काडी धक्क्याने हलली, किंवा ढगाआड सूर्य जाऊन प्रकाश बदलला, तर पडद्यावर ते लगेच उठून दिसणार. जाळी, माप आणि चिकाटी या तिन्हींशिवाय ही मौज जमत नाही.

मुख्य चित्रकार आणि मधले चित्रकार

रेखाचित्रांच्या बाबतीत श्रम आणखी वाढले. कोल यांच्या १९०८ च्या 'फँटास्मागोरी' या दीड-दोन मिनिटांच्या फितीसाठी सुमारे ७०० चित्रे लागली. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे काढण्याची युक्ती काढली. त्यामुळे मागचा देखावा दर वेळी पुन्हा काढावा लागेना. पुढे डिस्नेसारख्या चित्रशाळांत कामाची वाटणी झाली. अनुभवी चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या स्थिती काढी. त्या झाल्या 'कळीच्या चौकटी'. दोन कळीच्या चौकटींमधली चित्रे शिकाऊ चित्रकार भरत. या मधल्या चित्रकारांची नावे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण पडद्यावरचा बहुतेक काळ त्यांच्याच चित्रांनी व्यापलेला असतो.

ही पद्धत मुंबईत आली ती फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेत १९५६ च्या सुमारास व्यंग्यचित्रपटांचा विभाग निघाला. त्याला शिकवण्यासाठी डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला 'द बनियन डिअर' हा चित्रपट १९५७ साली तयार झाला. ज्यांचे नाव पुढे भारतीय सचेतपटांशी कायमचे जोडले गेले ते राम मोहन याच विभागात घडले.

शिक्षकांना अधिक जवळचा वाटेल तो चित्रपट म्हणजे १९७४ चा 'एक अनेक और एकता'. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. त्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात काम करत होत्या. चित्रे व सचेतन भीमसेन यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे. पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी सगळे मिळून जाळ्यासकट उडतात, ही गोष्ट दूरदर्शनवर पाहिली नाही असा त्या पिढीतला विद्यार्थी विरळाच. चित्रपट सुमारे सात मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सात मिनिटांच्या १०,०८० चौकटी होतात. श्रम वाचवण्यासाठी सचेतपटांत पुष्कळदा एकेक चित्र दोन चौकटींना वापरतात, तरीही पाच हजारांवर चित्रांचा मामला झाला.

दूरदर्शनचे दोन वक्र रेषांनी बनलेले बोधचिन्हही याच काळातले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी ते आखले आणि आर. एल. मिस्त्री यांनी कॅमेऱ्याखाली त्याच्या आकृत्या फिरवत फिरवत त्यांचा डोळा बनवला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, आणि त्यानंतर तो फिरता डोळा घरोघरी पोचला. तुकडे फिरत येऊन जागी बसतात, हीच कल्पना येथेही आहे, आणि येथेही संगणक नव्हता.

यंत्राने मधल्या चौकटी कशा भरल्या

हालचालीसाठी यंत्र वापरण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी केला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानविरोधी तोफांची गणितयंत्रे भंगारात निघाली होती. हलत्या विमानाची पुढची जागा आधीच वर्तवणे हे त्यांचे काम. त्यांच्या फिरत्या भागांवर व्हिटनींनी कॅमेरा व आकृत्या बसवल्या आणि १९६० साली 'मोशन ग्राफिक्स' या नावाची कंपनी काढली. आज या कलेला जे नाव रूढ आहे ते या कंपनीच्या पाटीवर तेव्हाच होते.

मधल्या चौकटी अंकगणिताने भरण्याचे श्रेय मात्र कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांच्याकडे जाते. १९६९ साली बर्टनिक यांनी डिस्नेच्या एका चित्रकाराचे व्याख्यान ऐकले आणि मुख्य चित्रकार व मधले चित्रकार ही कामाची वाटणी त्यांना समजली. मधल्या चित्रकाराचे काम संगणक का करणार नाही, असा विचार त्यांनी केला. त्यांच्या आज्ञावलीवर पीटर फोल्डेस यांनी काढलेला 'हंगर' हा लघुपट १९७४ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की आपल्याकडे पक्षी जाळे घेऊन उडाले तेही याच वर्षी. बर्टनिक व वाइन यांना १९९७ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने तांत्रिक पुरस्कार देऊन गौरवले.

यामागचे गणित नवे नाही. दोन ज्ञात किमतींच्या मधली अज्ञात किंमत काढणे म्हणजे अंतर्वेशन. ज्या (साइन) च्या कोष्टकातल्या दोन नोंदींमधली किंमत काढण्यासाठी ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ च्या 'खंडखाद्यका'त अंतर्वेशनाची जी रीत दिली आहे ती नुसत्या सरळ प्रमाणाच्या पुढची आहे; लगतच्या फरकांमधला बदलही ती हिशेबात धरते. ग्रहाची स्थिती काढणारा ज्योतिषी आणि चित्राची स्थिती काढणारा संगणक एकाच प्रश्नाला उत्तर शोधत असतात.

सरळ प्रमाणाने काढलेली हालचाल निर्जीव दिसते, कारण ती एकदम सुरू होते व एकदम थांबते. खरी वस्तू हळू सुरू होते, वेग घेते व मंदावत थांबते. यासाठी वक्र हवा. मोटारीच्या पत्र्याचे बाक नेमके सांगता यावे म्हणून १९५९ साली सिट्रोएन कारखान्यातल्या पॉल द कास्तेल्जो यांनी आणि पुढे रेनॉ कारखान्यातल्या पियेर बेझिए यांनी अशा वक्रांची पद्धत बसवली. तिच्या मुळाशी आहेत बर्नस्टाइन यांच्या १९१२ च्या बहुपदी. आज सचेतनाच्या आज्ञावलीत वेगाचा जो वक्र हँडल ओढून वाकवतात तो हाच.

१९९३ साली अमेरिकेतल्या 'कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट' या छोट्या मंडळीने 'आफ्टर इफेक्ट्स' ही आज्ञावली बाजारात आणली. त्याच वर्षी ती आल्डस कंपनीकडे गेली आणि १९९४ साली आल्डससकट अडोबीकडे. चित्रशाळेतले कळीच्या चौकटींचे तंत्र त्यामुळे साध्या घरगुती संगणकावर आले.

चोवीस चित्रांचे अंकगणित

आता आरंभीच्या चोवीस चित्रांकडे वळू. त्यांना ० ते २३ असे क्रमांक द्या. जाळीत सहा स्तंभ आहेत. क्रमांकाला ६ ने भागा : भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे स्तंभ, दोन्ही शून्यापासून मोजायचे. १७ क्रमांकाचे चित्र घ्या. १७ भागिले ६, भागाकार २, बाकी ५. म्हणजे तिसरी ओळ, सहावा स्तंभ. चित्र ३० मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर उंच आणि मधली फट ५ मिलिमीटर असेल, तर ते डावीकडून ५ गुणिले ३५, म्हणजे १७५ मिलिमीटरवर आणि वरून २ गुणिले २५, म्हणजे ५० मिलिमीटरवर बसेल. प्राथमिक शाळेतला बाकीचा भागाकार येथे दारातला द्वारपाल होऊन प्रत्येकाला त्याची जागा दाखवतो.

चित्राने ६४ मिलिमीटरचा प्रवास चार समान कालखंडांत करायचा असेल तर सरळ प्रमाणाने त्याच्या जागा ०, १६, ३२, ४८, ६४ अशा येतात. आता उलटलेल्या काळाचा भाग 'क' मानून अंतराचा भाग ३क² − २क³ या सूत्राने काढा. जागा येतात ०, १०, ३२, ५४, ६४. टप्पे झाले १०, २२, २२, १०. आरंभ सावकाश, मध्य वेगवान, शेवट सावकाश. हे सूत्र बेझिए वक्राचेच एक साधे रूप आहे.

प्रत्येक चित्र आधीच्या चित्रानंतर दोन चौकटींनी निघाले आणि प्रत्येकाचा प्रवास २४ चौकटींचा असला, तर शेवटचे चित्र ४६ चौकटींनी निघेल व ७० चौकटींत सारा खेळ संपेल. सेकंदाला २४ चौकटी धरता तीन सेकंदांहूनही कमी. एवढ्यात चोवीस चित्रांच्या मिळून ५७६ स्थिती लागतात. त्यांपैकी आपण सांगतो आरंभाच्या २४ व शेवटच्या २४, अशा ४८. उरलेल्या ५२८ संगणक भरतो.

वर्गात करून पाहावे असे

संगणकाच्या तासाला मुले यादीतली कळ दाबायला शिकतात. त्या ५२८ स्थितींत काय घडते हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून एकदा तरी हे काम हाताने करवून घ्यावे. आम्ही पनवेलमधल्या एका शाळेतल्या नववीच्या मुलांबरोबर ते केले. साहित्य अगदी साधे : आलेख कागद, गुल काढून टाकलेल्या सोळा आगकाड्या किंवा बाटल्यांची झाकणे, आणि पुस्तकांच्या चळतीवर पक्का बसवलेला एक मोबाइल. सेकंदाला १२ चित्रे पुरतात. एका गटाने झाकणे समान टप्प्यांनी सरकवावीत, दुसऱ्या गटाने १०-२२-२२-१० या प्रमाणाने. दोन्ही फिती लागोपाठ पाहिल्या की फरक समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या मुलांच्या पहिल्या फितीत प्रकाश सारखा लुकलुकत होता. पावसाळ्याचे दिवस होते, कर्नाळ्याच्या बाजूने ढग येत-जात होते आणि टेबल खिडकीपाशी होते. दारे-खिडक्या लावून एकच दिवा ठेवल्यावर दोष गेला. उन्हात काम करणाऱ्या फाळक्यांना प्रकाशाची किती काळजी घ्यावी लागली असेल हे मुलांना तेव्हा उमगले. एका मुलीने विचारले, "मग फाळक्यांची फिल्म आम्हांला दाखवा ना!"

ती दाखवता येत नाही. 'आगकाड्यांची मौज'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चीही पहिली व शेवटची रिळेच काय ती उरली आहेत, आणि तीसुद्धा १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. उष्ण, दमट हवेत ती कुजते आणि सहज पेट घेते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे फाळक्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. तोवर बरेच काही गेलेले होते. शांबरिक खरोलिकेच्या काही काचा मात्र राहिल्या, कारण काच कुजत नाही आणि पटवर्धन कुटुंबाने त्या जपल्या.

यात शिक्षकांना करण्यासारखे काम आहे. पनवेल, पेण, कल्याण, अलिबाग या भागांतल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत रंगवलेल्या काचा, जुने प्रकाशदीप, फिल्मचे डबे अजूनही असू शकतात. इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुलांना घरी विचारायला सांगावे. काचा सापडल्या तर रंगवलेली बाजू पुसू नये, पाणी लावू नये. प्रत्येक काच सुट्या कोरड्या कागदात उभी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती तारखेसह लिहून ठेवावी. फिल्मचा डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा फिल्म चिकट झालेली दिसली, तर तो मुलांच्या हाती देऊ नये, दिव्यापासून व गॅसपासून दूर ठेवावा आणि संग्रहालयाला कळवावे. ज्या घरात तो सापडला त्या कुटुंबाचे नाव नोंदवायला विसरू नये.